‘प्रेडिक्टेड’चा रकाना

दम्याच्या पोराला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलं की नळीत फुंकायला लावतात. टेक्निशियन ओरडत असतो, “फुंक, फुंक, अजून, सोडू नकोस!” मग कागद निघतो. एका रकान्यात पोराचा आकडा, शेजारी ‘प्रेडिक्टेड’, म्हणजे निरोगी पोराकडून अपेक्षित आकडा. आईबाप पहिला आकडा निरखतात, पण खरी भानगड दुसऱ्यात असते.

या अपेक्षित आकड्याचा मूळपुरुष लंडनचा डॉक्टर जॉन हचिन्सन. १८४६ साली छापलेल्या निबंधासाठी त्याने दोन हजारांवर लोकांचे श्वास मोजले: खलाशी, पोलीस, बंबवाले, भिकारी, बडे गृहस्थ. एका फुंकरीत बाहेर पडणाऱ्या हवेचा हिशेब वजनाशी जुळेना, उंचीशी मात्र चोख जुळला. पाच ते सहा फुटांत इंचामागे आठ घन इंच हवा जास्त. विमा कंपन्यांना गिऱ्हाईक पारखून घेता यावं, यावरही त्याचा एक डोळा होता.

हा हिशेब मोठ्यांचा. मुलांसाठी पोल्गर आणि प्रोमधात यांनी १९७१ मध्ये निरनिराळ्या अभ्यासांतली समीकरणं एकत्र बांधली, आधार पुन्हा उंचीचाच. वयात येताना तो डळमळतो. आधी पाय लांबतात, मग धड, आणि फुप्फुसं त्याच्याही मागून. चौदाव्या वर्षी पोरगा ताडमाड होतो, उंचीबरोबर अपेक्षित आकडाही चढतो, आणि धडधाकट मुलगा कागदावर कमी भरतो. मुलींची फुप्फुसं लवकर पूर्ण वाढतात, मुलग्यांची विशीपर्यंत वाढत राहतात. २०१२ मध्ये ‘ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह’ने ७४,१८७ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्यांच्या नोंदींवरून वय आणि उंची दोन्ही धरून ३ ते ९५ वर्षांची सलग वक्ररेषा काढली, तेव्हा हा घोळ बराच आवरला.

पण नोंदी कुणाच्या? आपल्याकडे गोऱ्यांच्या आकड्यातून ठरावीक टक्के वजा करायची पद्धत होती. तिला शास्त्र म्हणणं मला जड जातं. मुंबईत डॉ. रोहिणी चौगुले आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीय मुलांच्या चाचण्या करून १९९५ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये आकडे छापले. तरी २०१२च्या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडाला स्वतंत्र गट नव्हताच. आपली मुलं ‘इतर’. त्यानंतर वंशाचा रकानाच काढून टाकलेली समीकरणं आली. त्यामुळे मशीनमध्ये कोणता संच भरलाय, त्यावर एकाच फुंकरीचे ‘प्रेडिक्टेड’शी ताडलेले टक्के बदलतात. संचाचं नाव बहुधा रिपोर्टवरच असतं, बारीक अक्षरात.