टोपणनावाच्या पोरी

मंडळी, 'एएसएल प्लीज' आठवतंय का? याहू चॅटवर शिरलं की पहिला प्रश्न हाच: वय काय, मुलगा की मुलगी, राहता कुठे. आमच्या सौंदडची (जि. गोंदिया) मुलगी तिसऱ्या प्रश्नाला बिनदिक्कत 'नागपूर' ठोकून द्यायची. सौंदड म्हटलं की संपलंच, गाव लहान, दोन प्रश्नांत ओळख पटणार!

मग जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट आलं. माझ्या एका चुलत बहिणीने प्रोफाइलवर फोटोऐवजी गुलाबाचं फूल लावलं होतं, नाव 'एंजल'. पण त्या फुलाआडून ती शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल जे लिहायची ते घरात कधीच बोलली नसती.

ही युक्ती काही इंटरनेटने शिकवलेली नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, लेखिका 'विभावरी शिरूरकर'. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट त्यात इतकी उघड मांडली होती की महाराष्ट्रात खळबळ माजली. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. नाव झाकलं, म्हणून मन उघडं करता आलं.

खऱ्या नावाची किंमत आपण नोव्हेंबर २०१२ मध्ये पाहिली. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट टाकली, मैत्रिणीने ती लाइक केली आणि दोघींना अटक झाली. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, पण ते २४ मार्च २०१५ ला.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. डेटा उतरवून घ्यायला गूगलने सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली होती. पण जिचं सगळं ऑर्कुट सायबर कॅफेत, तासाच्या भाड्यावर झालं, ती कसली उतरवून घेतेय? विभावरीबाई कागदावर छापल्या गेल्या, म्हणून वाचनालयात सापडतात. 'एंजल' सर्व्हरबरोबर गेली. शिवाय टोपणनावामुळे ते लिखाण कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येणार नाही. ज्या आडोशाने त्यांना लिहू दिलं, त्यानेच त्यांचा माग पुसला.

असो. या वीकेंडला एक करा. ताईला, वहिनीला, ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारा, "तुझा पहिला आयडी काय होता गं?" आधी लाजेल, मग हसेल, मग तासभर बोलेल. तिची हरकत नसेल तर लिहून ठेवा. कागदावर!