परदेशी उच्च शिक्षणाचे प्रवेशद्वार आणि शिष्यवृत्तीच्या अटी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग व पुणे रस्ता एकत्र येतात. 1924 साली गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकमध्ये महाविद्यालय सुरू केले. तोपर्यंत येथील विद्यार्थ्यास पदवीसाठी बहुधा मुंबई किंवा पुण्याची वाट धरावी लागे. त्याहून दूरच्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळविण्यास केवळ गुणवत्ता पुरेशी होती काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परीक्षेची पायरी :
निफाड येथे 1842 साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक ठरले. मात्र त्यांचे शालेय शिक्षण कोल्हापुरास व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये झाले. गाव सोडणे ही शिक्षणाची पहिली अट होती.

शिष्यवृत्ती व तिच्या अटी :
परदेशी शिक्षणासाठी परीक्षेइतकेच आश्रयदात्याचे महत्त्व होते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले व 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाले. परतून फर्ग्युसन महाविद्यालयाची सेवा करण्याचे वचन त्यांनी पाळले. नाशिकजवळील भगूरचे विनायक दामोदर सावरकर 1906 मध्ये लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. पं. श्यामजी कृष्णवर्मा यांच्या या योजनेत ब्रिटिश सरकारची नोकरी न पत्करण्याची अट होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण सर्वाधिक बोलके आहे. बडोदा संस्थानने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळाला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. प्रवेश मिळूनही शिक्षण थांबले, ते पात्रतेअभावी नव्हे. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळविली.

वसतिगृहांचे कार्य :
मोजक्या शिष्यवृत्त्यांनी समाजाचा प्रश्न सुटणारा नव्हता. 1914 साली नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. अशा संस्थांच्या वसतिगृहांनी खेड्यातील मुलाच्या निवासाची व भोजनाची सोय करून त्याला प्रथम शाळेपर्यंत आणले.

निष्कर्ष :
विद्यापीठाच्या दारावर परीक्षा गुणांची होत असली, तरी दारापर्यंतचा मार्ग वसतिगृह, शिफारस व द्रव्यसाहाय्य यांनीच खुला होत असे. आश्रयदात्याच्या अटींचा परिणाम विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यावरही होई. म्हणूनच निवडलेल्यांच्या यादीवरून गुणवत्तेचा इतिहास लिहिताना, दारापर्यंत पोहोचूच न शकलेल्यांचाही विचार करणे आवश्यक ठरते.