सळईची साक्ष

हॉलंडची भूमी वरून सपाट, पण तिच्या पोटात मऊ चिकणमाती, कुजलेला पालापाचोळा व घट्ट वाळू यांचे थर आहेत. १९१८ साली वेस्प गावाजवळ पावसाने भिजलेला रेल्वेचा भराव खचून ४१ माणसे दगावली. जमिनीची पारख हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे त्या देशाला कळून चुकले.

पुढे १९३२ मध्ये तेथील अभियंता बारेंट्सन यांनी शंकूच्या टोकाची सळई जमिनीत दाबून खोलीगणिक विरोध मोजण्याची रीत काढली. शंकूच्या तळाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर ठरले.

मात्र शंकूला केवळ टोकापाशी असलेली माती जाणवते, असे नाही. खालच्या थराची चाहूल त्याला आधीच लागते आणि वरच्या थराचा प्रभाव काही अंतरापर्यंत राहतो. म्हणून मऊ मातीतला वाळूचा पातळ थर असतो त्याहून दुबळा भासतो. पायाच्या जाड खांबाला तर खालच्या मऊ मातीची चाहूल सळईपेक्षा कितीतरी वरूनच लागते. तेव्हा सळईला घट्ट लागलेला थर इमारतीचा भार पेलीलच, असे मानू नये. त्याची जाडी व त्याखालची माती पाहूनच पायाचा निर्णय करावा.