खातं इथं, खातेदार तिथं

मंडळी, आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. परदेशी राहणाऱ्या माणसाचं मायदेशातलं बँक खातं. धारणीत येऊन हे कशाला, असं कोणी मनात म्हटलं असेल तर त्याला आम्ही दोष देणार नाही. पण मेळघाटात ‘पोरगा बाहेर गेला’ हे वाक्य आपण किती अर्थांनी ऐकतो, बघा. तो परतवाड्याला बांधकामावर गेला असेल, अकोल्याकडं हरभरा सोंगायला गेला असेल, पुण्यात कंपनीत असेल, नाहीतर दुबईला असेल. आईच्या लेखी चौघंही सारखेच बाहेर. बँकेच्या लेखी मात्र चौथा एकटा बाहेर आणि उरलेले तिघं घरीच. हा फरक केव्हा पडला आणि कुणाच्या सोयीनं पडला, एवढंच आज बघू.

पैसा दूर पोचवायची आपली जुनी सोय म्हणजे हुंडी. अमरावती, खामगावच्या कापूस बाजारात ती चांगलीच रुळलेली होती. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. हुंडी हरवली तर दुसरी लिहून देत, तिला पेठ म्हणत; तीही हरवली तर परपेठ. आम्हांला सगळ्यांत गंमत वाटते ती शाहजोग हुंडीची. तिचे पैसे कुणाही आल्यागेल्याच्या हातावर पडत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शहा’नं ती हुंडी आणली तरच ती सकारायची. म्हणजे आज ज्याला आपण केवायसी म्हणतो, ते काम तेव्हा बाजारातल्या ओळखीनं व्हायचं. ही पद्धत इतकी पक्की होती की, १८८१ साली इंग्रजांनी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट केला तेव्हा देशी भाषेतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्यांनी हात लावला नाही. आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, टपाल खात्याची मनीऑर्डर आली होती. गरिबाची हुंडी म्हणा तिला.

या सगळ्या व्यवहारात प्रश्न एकच असे: तू कोण, आणि तुला ओळखतो कोण? तू कुठल्या देशात राहतोस, हा प्रश्न पैशाला पडलेला नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ घ्या. याच जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकले. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनेहम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकलेली पुंजी, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, एवढीच शिदोरी. आता रुपयाचा भाव बघा. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते. पुढच्या वर्षी तोच रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हजार रुपयांचे जिथं सव्वाशे पौंड व्हायचे, तिथं साडेबासष्ट. घरच्यांनी पाठवलेली रक्कम तीच, पोराच्या हातात पडणारी निम्मी. शिल्लक रुपयांत आणि खर्च पौंडांत, हे गणित अशा विद्यार्थ्याला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपानं निघाला. त्यात प्रश्न धोरणाचा आहे. पण रुपयाच्या भावाचा धोका शेवटी सामान्य माणसाच्या अंगावर येतो, ही जाणीव तिथं ठळक आहे.

तर तोवर धोका होता, पण मनाई नव्हती. मनाई आली सप्टेंबर १९३९ मध्ये. दुसरं महायुद्ध सुरू झालं, भारत संरक्षण नियमांखाली परकीय चलनावर नियंत्रण आलं आणि ते राबवायचं काम रिझर्व्ह बँकेकडं गेलं. युद्ध संपलं, नियंत्रण राहिलं. मार्च १९४७ मध्ये त्याचा रीतसर कायदाच झाला. तेव्हा गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सेवेत घडलेले आयसीएस अधिकारी. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या देशाला प्रत्येक पौंड-डॉलर मोजून वापरणं भाग होतं, हे मान्यच करायला हवं. पण यातून एक नवा मनुष्यप्राणी जन्माला आला: अनिवासी. तो भारतीय होता, त्याचं घर इथं होतं, आई-बाप इथं होते, तरी खात्यापुरता तो परका.

मग या परक्याची एकाएकी गरज पडली. १९७० साली अनिवासी बाह्य खातं, म्हणजे एनआरई, सुरू झालं. तिकडून पैसे आणा, रुपयांत ठेवा, हवे तेव्हा परत न्या. भाव घसरला तर नुकसान मात्र तुमचं. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत कामं निघाली, रत्नागिरीकडच्या घराघरातून माणसं कुवेत-मस्कतला गेली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सरकारनं आणखी एक पाऊल टाकलं: डॉलर, पौंडांतच ठेव ठेवा, डॉलर, पौंडांतच परत घ्या. एफसीएनआर ठेव ती. भावाचा धोका कुणी घ्यायचा? रिझर्व्ह बँकेनं. म्हणजे पर्यायानं तुम्हीआम्ही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळलं. लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. तेलाचा खर्च वाढला, दिल्लीत सरकारं पडू लागली आणि अनिवासी ठेवी भराभर बाहेर जायला लागल्या. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं बाहेर गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन तारण ठेवलं. ‘अनिवासींनी ऐन वेळी दगा दिला’ असं तेव्हा आम्ही बरंच ऐकलं. आम्हांला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ठेव म्हणजे देणगी नव्हे. जास्त व्याज आणि परत नेण्याची हमी देऊन तुम्ही पैसा बोलावता आणि तो परत निघाला की देशप्रेम आठवतं, हा कुठला न्याय? घरच्या म्हाताऱ्यांच्या औषधापाण्याला येणारा पैसा वेगळा आणि व्याजासाठी येणारा वेगळा. एकाच माणसाच्या एकाच खिशातून ते निघत असले तरी त्यांचा स्वभाव निराळा.

जुनी एफसीएनआर योजना १९९४ साली बंद झाली; तिच्या जागी आधीच सुरू केलेल्या नव्या योजनेत धोका बँकांवर टाकला. तरी सवय कुठं जाते! २०१३ साली रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं बँकांना सवलतीच्या दरात भावाचं संरक्षण दिलं आणि याच ठेवींमधून सुमारे २६ अब्ज डॉलर आणले.

आता कायद्यातला ‘निवासी’ कोण ते बघू. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं हा भाग आम्हांला सोडवत नाही. १ जून २००० पासून फेमा लागू आहे. त्यात आधी दिवस मोजतात: मागच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त इथं होता, तर निवासी. पण लगेच अपवाद येतो. नोकरी-धंद्यासाठी, किंवा अनिश्चित काळ बाहेर राहायचा इरादा दिसेल अशा परिस्थितीत जो गेला, तो अनिवासी. म्हणजे माणसाचं मन काय म्हणतं हे कायदा विचारतो! आयकराचा निवासी आणखी निराळा. समजा, मुलगा डिसेंबरात नोकरीसाठी दुबईला गेला. त्या वर्षीच्या आयकरासाठी तो निवासी. फेमासाठी विमानात बसला तेव्हापासून अनिवासी. माणूस एक, वर्ष एक, उत्तरं दोन.

व्यवहारात याचा अर्थ असा की, गेल्यावर बँकेला कळवून साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. इथली कमाई त्यात जमा करायची: घरभाडं, बापाच्या मागं नावावर आलेली शेती मक्त्यानं दिली असेल तर तो पैसा. त्यातून कर भरून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. तिकडची कमाई एनआरईत ठेवायची. तिच्या व्याजावर इथं आयकर नाही.

आता धारणीत परत येऊ. दिवाळीनंतर इथली कोरकू कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. फेमाला इरादाच हवा असेल तर यांच्याइतका स्पष्ट इरादा कुणाचा? परत यायची तिथीसुद्धा ठरलेली. पण हे देशातच आहेत, म्हणून कायद्याच्या लेखी कुठं गेलेलेच नाहीत. रोजगार हमीची मजुरी इथल्या खात्यात पडते, माणूस दुसऱ्या जिल्ह्यात विटा उचलतो. त्या मजुरीसाठी एक दिवस शाखेत घालवायचा म्हणजे एका दिवसाचा रोज बुडवायचा. आता अंगठा लावून गावात पैसे मिळतात हे खरं, पण काम करून करून बोटाच्या रेघा झिजल्या की यंत्र ओळखत नाही. शाहजोग हुंडीत निदान दुसरा कोणी ओळख द्यायला येत असे.

दोन वर्षं खातेदाराकडून व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय. दहा वर्षांनी ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. बुडत नाही, खातेदाराला किंवा वारसाला मागता येते. पण मागणाऱ्याला खातं होतं हे माहीत तर पाहिजे. परदेशातल्या खातेदाराकडून ठेव यावी म्हणून १९७० पासून योजनांवर योजना निघाल्या. बाहेरगावच्या मजुरासाठी १ एप्रिल २०२४ पासून एवढं झालं: निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड नाही, ते पुन्हा सुरू करायला शुल्क नाही, आणि केवायसीची कागदं त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेतही देता येतात. अकोल्याच्या शाखेत कोणी नाही म्हणालं तर हे सांगायचं.

शेवटी एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘मुलगा परदेशी आहे, त्याचं एटीएम कार्ड आम्ही इथं वापरतो, चालतं का?’ नाही, दादा. कार्ड आणि पिन दुसऱ्यानं, बापानंसुद्धा, वापरायचं नसतं. खातं अजून साधं बचतच असेल तर आधी ते एनआरओ करून घ्यायला मुलाला सांगा. जवळच्या नातेवाइकाचं नाव ‘पहिला किंवा हयात’ या पद्धतीनं जोडता येतं. पण मुलगा आहे तोवर खातं मुलाचं. तुम्हांला व्यवहार करायचा तर त्यानं कुलमुखत्यारपत्र द्यावं. त्यावर घरपट्टी, वीजबिल, दवाखाना, असले इथले खर्च तुम्ही करू शकता. त्याच्या वतीनं कुणाला बक्षीस म्हणून रक्कम देता येत नाही, आणि बाहेर पाठवायची झाली तर ती त्या मुलालाच.

दुसरी चिठ्ठी आहे का कुणाची?