वायूविना जीवन : किण्वनाच्या वादाचा निवाडा

प्राणवायूच्या साहाय्यावाचून साखरेचे विघटन करून पेशी ऊर्जा कशी मिळविते, या प्रश्नाचा इतिहास बहुधा एका पराभवाची कथा म्हणून सांगितला जातो. किण्वन हे जीवनाचे कार्य आहे असे पाश्चरने प्रतिपादिले आणि १८९७ साली ब्यूख्नरने ते खोटे ठरविले, असा त्या कथेचा सारांश होय. मूळ वादाकडे पाहता हा निवाडा अर्धाच खरा ठरतो.

१८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान व क्यूट्सिंग या तिघांनी स्वतंत्रपणे दाखविले की, यीस्ट हा सजीव पदार्थ आहे. रसायनशास्त्रज्ञांना हे रुचले नाही. लीबिखच्या मते कुजणाऱ्या नत्रयुक्त द्रव्यातील हालचाल साखरेच्या रेणूंत संक्रांत होते व ते दुभंगतात; जीवनाचा तेथे संबंध नाही. १८३९ साली त्याच्या नियतकालिकात या जीववादी मताची टवाळी करणारा एक निनावी लेखही प्रसिद्ध झाला.

पाश्चरने या मताला प्रयोगाने उत्तर दिले. १८६० साली त्याने साखर, अमोनियाचे लवण व यीस्टची राख एवढ्यावरच यीस्ट वाढवून दाखविले. कुजण्यास प्रथिनच नसताना किण्वन झाले, तेव्हा लीबिखचा आधार सुटला. १८६१ साली हवेत न टिकणारे ब्यूटिरिक किण्वनाचे जीवाणू त्याला आढळले. हवा नसताना तितक्याच वाढीसाठी यीस्टला कितीतरी अधिक साखर खर्चावी लागते, हेही त्याने नोंदविले. किण्वन म्हणजे वायूविना जीवन, हे त्याचे सूत्र या निरीक्षणांतून निघाले. परंतु जिवंत पेशीवाचून किण्वन होणारच नाही, हा पुढचा निष्कर्ष मात्र पुराव्याच्या पलीकडचा होता. यीस्टमधून किण्वन घडविणारे द्रव्य वेगळे काढण्याचे त्याचे प्रयत्न फसले होते. पण प्रयत्न फसणे म्हणजे अशक्यता सिद्ध होणे नव्हे.

ब्यूख्नरने यीस्ट वाळू व कीसेलगूर यांच्यासह घोटले आणि दाबयंत्राने त्याचा रस काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली असता कर्बद्विप्राणिदाचे बुडबुडे येऊ लागले. पेशी नव्हती, तरी किण्वन चालू होते. या कार्याबद्दल त्याला १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि ज्याला त्याने ‘झायमेज’ हे एकच नाव दिले, ते एक द्रव्य नव्हते. १९०५-०६ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत हार्डन व यंग यांना दिसून आले की, मंदावलेले किण्वन फॉस्फेट घालताच वेग घेते. त्यांनी रस गाळून त्याचे दोन भाग केले. एकट्याने दोन्ही भाग निष्क्रिय, एकत्र येताच सक्रिय. यावरून एंझाइमांना उष्णतेत टिकणाऱ्या सहकारी द्रव्याची गरज असल्याचे कळले.

दरम्यान १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर व हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूत प्राणवायूच्या अभावी दुग्धाम्ल साठते हे सिद्ध केले. यीस्टमधील सहकारी द्रव्य स्नायूतही असल्याचे पुढे मायरहोफला आढळले आणि दोन्ही प्रवाह एक झाले. १९२९ साली लोहमान, तसेच हार्वर्डमध्ये फिस्क व यल्लप्रगडा सुब्बाराव, यांनी एटीपी वेगळे केले. १९३३ साली एम्बडेनने मांडलेली रूपरेषा मायरहोफ, पार्नास आदींच्या कार्याने १९४० च्या सुमारास पूर्ण झाली.

या मालिकेत ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे दोनच रेणू निव्वळ मिळतात. संपूर्ण श्वसनात सुमारे तीस. वायूविना यीस्ट साखर इतकी का उधळते, या पाश्चरच्या निरीक्षणाचे उत्तर येथे आहे. साखरेतून निघालेला हायड्रोजन स्वीकारण्यास प्राणवायू नसल्याने तो विघटनातून उपजलेल्या पदार्थांनाच द्यावा लागतो. म्हणून यीस्टमध्ये मद्यार्क बनतो व स्नायूत दुग्धाम्ल.

तेव्हा किण्वनाची क्रिया पेशीबाहेर घडू शकते, हा ब्यूख्नरचा विजय निर्विवाद आहे. पण ती क्रिया पेशीला कशासाठी हवी, हे पाश्चरनेच प्रथम ओळखले होते. एकाने साधन दाखविले, दुसऱ्याने प्रयोजन. आणि प्रयोजनाविषयीचे त्याचे म्हणणे आजही अबाधित आहे.