एकच साल, दोन दुंदुभी

मोबाईलवर ‘वऱ्हाड’ आणि ‘नाटक’ असं टाकून बघा, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ समोर येईल. लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्याने बावन्न भूमिका केलेलं ते नाटक मलाही आवडतं. पण ते वऱ्हाड लग्नाचं, आणि मातीही मराठवाड्याची. आमच्या अकोला-अमरावतीशी त्याचा संबंध नावापुरताच.

आमच्याकडचं नाटक वकिलांच्या आणि तुरुंगात जाऊन आलेल्यांच्या घरी सापडतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी अकोल्यात वकिली केली. त्यांचं ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने १८९६ साली रंगभूमीवर आणलं. त्यातल्या पारशी नाटकांच्या वळणाच्या चालींनी संगीत नाटकाची चवच बदलली. गडकरी त्यांना गुरू मानत.

अमरावतीचे वीर वामनराव जोशी वेगळ्या पिंडाचे. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. सरकारने १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली होती. त्यामुळे गुलामीबद्दल बोलायचं तर गोष्टीच्या आडूनच बोलावं लागे. वामनरावांनी ‘रणदुंदुभी’त तेच केलं. १९२७ साली बलवंत संगीत मंडळीने ते रंगमंचावर आणलं. त्यातली दीनानाथ मंगेशकरांची पदं अजून मैफिलींत गायली जातात. प्रेक्षकांना आडपडद्यामागचं बरोबर कळत होतं.

त्याच १९२७ सालच्या नोव्हेंबरात, १३ तारखेला, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात गर्दी जमली. त्या दिवशी तिथे नाटक नव्हतं. वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली होती आणि अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्न अंबादेवीच्या देवळाचा होता. देवी साऱ्या गावाची, मग गावातल्याच काही माणसांना उंबरठ्याबाहेर का ठेवायचं?

नाट्यगृहात त्यांना जागा मिळाली, देवळात नाही. मला हे फार बोलकं वाटतं.

रंगभूमीच्या इतिहासात ‘रणदुंदुभी’ची नोंद असते, इंद्रभुवनातल्या त्या परिषदेची नसते, ती आंबेडकर चरित्रांत वाचावी लागते. मी हे दोन कप्पे मानत नाही. पारतंत्र्य म्हणजे काय, हा एकच प्रश्न त्या वर्षी दोन मंचांवरून विचारला गेला. वामनरावांच्या नाटकाला आडपडदा लागला, कारण समोर सरकार होतं. इंद्रभुवनात आडपडदा नव्हता, आणि समोर आपलेच गावकरी होते. माझ्या मते दुसरं जास्त अवघड.

परिषदेच्या त्याच दिवसांत बाबासाहेबांचे थोरले भाऊ बाळाराम मुंबईत वारले. तरी काम थांबलं नाही. सत्याग्रह लगेच करायचा की सवर्णांना आणखी मुदत द्यायची, यावर चर्चा झाली आणि मुदत द्यायचं ठरलं. दीड महिन्याच्या आत, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जाळली गेली.