सायकलभ्रमण, गोंदिया जिल्ह्यातील

समुद्रकिनारा नसलेल्या गोंदिया जिल्ह्यात (स्थापना १९९९) सायकलभ्रमणाच्या, म्हणजे सायकलवरून मजल दरमजल करीत केलेल्या प्रवासाच्या, वाटा तलावांच्या काठांनी जातात. त्यांपैकी सर्वांत समृद्ध वाट अर्जुनी मोरगाव तालुक्यातील असून नवेगाव बांध हा तिचा केंद्रबिंदू आहे. कोहळी समाजातील कोलू पाटील यांनी अठराव्या शतकात बांधल्याचे मानले जाते असा हा जलाशय डोंगरांमधील खिंडी मातीच्या पाळींनी, म्हणजे बांधांनी, अडवून साकारला असल्याने भातशेतीच्या सिंचनाचा इतिहास येथे प्रत्यक्ष पाहता येतो, आणि त्याची सावकाश ओळख करून घेण्यास सायकलइतके योग्य वाहन नाही. पुढे गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, गोठणगाव परिसरातील तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेला प्रतापगड ही स्थळे लागतात. उत्तरेस गोंदिया शहराजवळ नागरा येथील प्राचीन शिवमंदिर, तर सालेकसा तालुक्यात गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेली कचारगडची गुहा आहे. भ्रमणास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यामुळे मात्र पहाटे व संध्याकाळनंतर जंगलालगतचे रस्ते टाळणे आवश्यक ठरते.